बाजेचे बांबू

पेडगाव, ४ डिसेंबर २०२४

ती. दादास, सरजाचा शि. सा. नमस्कार.

सडा टाकला, राखेनं भांडी घासली, भाकरी थापल्या आणि मग जाऊबाईंच्या बाजेला दोन बांबू बांधले. मागच्या हिवाळ्यातली ती सकाळ डोळ्यांपुढून जात नाही. तानुबाईंचं कंबरडं मोडल्यापासून त्यांना उठवत नाही. पण निराधारांचा पगार चालू ठेवायचा, तर कचेरीत जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. टेम्पो सडकेवर उभा होता. तिथवर चौघांनी बाज खांद्यावर नेली. एक खांदा ह्यांचा होता. आता तो नाही. वाटेत लोक मयत समजून चपला काढून हात जोडू लागले. तानुबाई बाजेवरून ओरडल्या, मुडद्यांनो, जित्ती हाय मी अजून! सगळे हसले. घरी आल्यावर त्या भिंतीकडं तोंड करून रडल्या.

मार्चअखेर पुन्हा जायचंय. त्या म्हणतात, पगार बुडाला तर बुडू दे, आता खांद्यावर एकदाच जाईन. त्यांचं औषध त्याच पैशातून येतं. परभणीला म्हाताऱ्या माणसांसाठी काम करणारी संस्था आहे. तिथल्या राजेश्रीताई म्हणतात, कलेक्टर कचेरीत बैठक हाय, तिथं हे साहेबांपुढं तुमीच सांगा. मला धीर होत नाही. काय करू?

तुमची सरजा

पूर्णा, ११ डिसेंबर २०२४

चि. सरजास अनेक आशीर्वाद.

माझे कान गेल्यापासून फोनपेक्षा पत्रच बरं. लहानपणी तुझी बडबड थांबवायला आई तोंडात गूळ कोंबायची, आणि आता साहेबाला भ्यायलीस? भाषण करू नको. मला लिहिलंस तेवढंच सांग. तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, ती आधी हसली, मग डोळ्याला पदर लावला. दाजी असते तर सोबत आले असते, हे मलाही कळतं.

तुझा दादा काशीनाथ

पेडगाव, १२ मार्च २०२५

ती. दादास नमस्कार.

बैठकीत सांगितलं. तिथं बोरीच्या म्हाताऱ्या कडूबाईंना तर लेकानं पाठकुळीला घेऊन आणलं होतं. तानुबाईंचा शब्दही मी गाळला नाही. लोक हसले. कलेक्टरीणबाईंनी विचारलं, बाज हातातच का नाही धरली? म्हटलं, बाई, जितं माणूसबी जड असतंय.

पुढं संस्थेनं पिच्छा सोडला नाही. आणि दादा, हुकूम निघाला! अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी सरकारी माणसानंच जायचं, साऱ्या जिल्ह्यात. मिळेल ते पुस्तक मी वाचते, पण बाजेवरून ओरडलेला शब्द हुकमापर्यंत पोचतो, असं कुठं वाचलं नव्हतं. ह्यांना सांगावं म्हणून वळले, तर खुंटीला नुसती टोपी.

परवा तलाठी हयातीची नोंद करायला घरी आले. तानुबाई नवं लुगडं नेसून बाजेवरच टेकून बसल्या होत्या. नीट बघून घे बाबा, म्हणून त्यांना दम दिला, मग चहा पाजला.

माया अशीच असू द्या, वहिनीला नमस्कार. तलाठी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्षभर तसेच राहिलेले बाजेचे बांबू सोडले आणि परसात दोडक्याच्या वेलाला मांडव घातला.

सरजा