रुसायला केंद्रावर

धाराशिव, ४ नोव्हेंबर

ती. बानूआत्यांस,
ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरं हाय’ म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. आरोग्य उपकेंद्राचं काय चुकतं ते तुम्ही बायांनीच सांगावं, म्हणून आमच्या संस्थेनं सुनावणी तुमच्या अंगणात ठेवली. तुम्ही काय केलंत? आरोग्य खात्याच्या साहेबांना चहा, शेंगदाण्याचे लाडू, वर टॉवेल-टोपी! आणि सगळ्या एका सुरात म्हणालात, केंद्र झकास आहे.

तुम्ही दिवस मावळेपर्यंत मेंढरांमागं आणि केंद्र पाचलाच बंद. वैष्णवीवहिनीला सातवा लागला तरी एकदाही तपासणी नाही. तक्रारच नसेल तर संध्याकाळची वेळ कोण देणार? मला रडू आलं, आत्या.

राग मानू नका, माया असू द्या.
तुमची ज्ञानेश्वरी

मेंढवाडी, ९ नोव्हेंबर

चि. ज्ञानेश्वरीस अनेक आशीर्वाद.

सांगणार मी, लिहिणार सूनबाई. लई तापलीस की! दारात आलेल्या पाहुण्याला, तुझं काम बेकार हाय, असं म्हणायचं? आपल्यात तसं नसतं. पण लग्नात वरमाय भाजीत मीठ कमी म्हणून रुसतेच ना? तवा कुणी वाईट वाटून घेत न्हाय. तर सुनावणी केंद्रावर ठेव. यजमान ते, वरमाया आमी.

वैष्णवीचे पाय सुजलेत. हे ती लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं. भ्या वाटतंय, लवकर कर.

सुखी राहा.
तुझी आत्या

धाराशिव, १३ नोव्हेंबर

ती. आत्यांस सा. न.

सोमवारी केंद्रावर सुनावणी ठरली. त्या दिवशी मला संस्थेच्या कामानं मुरुमला जावं लागतंय. साहेबांना वरमायांचं काही सांगितलेलं नाही. वहिनींना घेऊनच जा.

ज्ञानेश्वरी

मेंढवाडी, ३० नोव्हेंबर

चि. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद.

तू असायला पाहिजे होतीस! आमी दारातच थांबलो, पाय धुवायला पाणी मागितलं. नळ कोरडा! आमच्यातली द्वारकाबाई तर फुगूनच बसली, म्हणाली, दिवे लागल्यावर केंद्र उघडं ठेवणार असाल तरच चहा घेऊ. साहेबांनी शेवटी हात जोडले आन् मंगळवार-शुक्रवार संध्याकाळ कबूल केली.

सिस्टरबाईंनी तिथंच वैष्णवीला तपासलं. बीपी लई वाढलेलं. लगेच गाडी करून मोठ्या दवाखान्यात नेलं. आता गोळ्या चालू हायेत, सूज उतरली. पोरी, माझा जीव भांड्यात पडला.

काल सिस्टरबाई घरी आल्या, कसं चाललंय विचारायला. आधी सगळं सांगितलं, मग चहा टाकला. लाडू मात्र दिला न्हाय. शुक्रवारी केंद्र उशिरा उघडलं होतं.

बाळ झालं की बघायला ये.
तुझी बानूआत्या