शिस्तरावावर पाळत

सोमवार, ३ तारीख. पहाटे ५
उठलो! (५.४० ला. पण गजर पाचचाच होता.) बायकोने विचारलं, कुठे आग लागलीय का. लागलीच आहे. शुक्रवारी साहेब सगळ्यांदेखत मला म्हणाले, कामात लक्ष कसं असावं ते शिस्तरावाकडून शिका. शिस्तराव म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. चार वर्षांनी ज्युनिअर! या महिन्यात विभागप्रमुख नेमणार आहेत. त्या खुर्चीत मीच बसणार. पहिला हुकूम: शिस्तरावाचं टेबल बाथरूमच्या दारापाशी.
संकल्प: मोबाइल ड्रॉवरमध्ये. २५ मिनिटं एकाग्र काम, ५ मिनिटं विश्रांती. वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक वीस तारखेला लिहून तयार.

मंगळवार, ४. स. ११.१०
सलग २५ मिनिटं एकाग्र! शिस्तराव पाणी प्यायला कधी उठतो ते बघत होतो. उठलाच नाही. ढोंगी.

बुधवार, ५
नवी वही. डाव्या पानावर माझं काम, उजव्यावर त्याचे उद्योग. १०.०५ पेन्सिलीला टोक. ११.२० खिडकीबाहेर पाहिलं, चाळीस सेकंद!! डावं पान उद्यापासून.

सोमवार, १०
बायको म्हणते, जेवताना रोज शिस्तराव, शिस्तराव. एकदा त्यालाच घरी घेऊन या. हिला सवयींचं शास्त्र कळत नाही.

शुक्रवार, १४
अंगात ताप. तरी ऑफिसला गेलो. त्याच्या नोंदी कोण ठेवणार? आठ दिवसांत एकही खाडा नाही. याला म्हणतात सवय.

गुरुवार, २०
माहितीपत्रकाची प्रगती: 'मशीन सपाट जागी ठेवावे.' चालेल. उद्या वही साहेबांच्या टेबलावर. बच्चमजी, भरले तुझे शंभर!

शुक्रवार, २१. दु. ४
साहेबांनी वही शेवटपर्यंत वाचली. म्हणाले, इतक्या काटेकोर नोंदी आयुष्यात पाहिल्या नाहीत. माझी छाती फुगली. मग म्हणाले, म्हणजे हा माणूस दिवसभरात फक्त तेवीस मिनिटं जागेवरून हलतो. मग विचारलं, डावी पानं कोरी का. शाई संपली होती, म्हणालो.
विभागप्रमुख शिस्तराव. माहितीपत्रकही तोच पूर्ण करणार. माझा गुण वाया जाऊ नये म्हणून सोमवारपासून मी त्याचा सहायक. त्याचं वेळापत्रक सांभाळायचं. नवं टेबल त्याच्या केबिनबाहेर. बाथरूमच्या दारापाशी.

सायं. ५
तो मेला शिस्तराव स्वतः येऊन गेला. माझा हात हातात धरून मनापासून आभार मानले. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.
४.५२ ते ४.५४. नोंद केली.