न पुसलेली करवत

रविवार, १२ ऑक्टोबर

आमचा आंबा गेलाच, आता शेजारच्या शिंदेकाकूंचाही शेंड्याकडून वाळायला लागलाय. आज खोपटहून नर्सरीवाला बोलावलेला. त्याने फांदी कापून आतलं काळपट लाकूड दाखवलं. बुरशी आहे म्हणाला, कापलेल्या जागेतून आत शिरते. मागे यांची एक फांदी मीच कापलेली, हे काकूंकडून कळल्यावर त्याने मला विचारलं, "एका झाडाची करवत दुसऱ्याला लावताना स्पिरिटने पुसलेली ना?" काकू बाजूलाच उभ्या. मी हो म्हटलं.

पुसली नव्हती. जुलैत मी आमच्या आंब्याच्या वाळक्या फांद्या कापत होतो, तेव्हा काकूंनी खिडकीतून हाक मारली, "अरे विलास, आमची पण एक फांदी काढ ना, वायरला लागतेय." भर पावसात तीच करवत घेऊन कुंपण ओलांडलं. पुसायला कितीसा वेळ लागला असता? बरं, आज तरी खरं का नाही बोललो?

काकांनी लावलेलं झाड ते. काका गेल्यावरही दरवर्षी त्याच्या कैऱ्यांचं लोणचं आमच्याकडे येतं.

रोगट फांद्या खालपर्यंत छाटाव्या लागतील, असं नर्सरीवाला म्हणाला. त्यावर काकू म्हणाल्या, "माणूस कशाला बोलवायचा? विलासच छाटेल. त्याला झाडांची माया आहे."

घरी येऊन करवत स्पिरिटने पुसली. दोनदा.