तिसरी मेणबत्ती

कारोविन्यो, २१ ऑक्टोबर १९७९

प्रिय ओरोन्झो,

पाकिटावर माझं अक्षर बघून भलतंसलतं मनात आलं असेल तर आधी श्वास घे. बाबा ठणठणीत आहेत आणि मीही. सहा वर्षांत तुझ्या हातून एक ओळ लिहून झाली नाही, म्हणून तुझा जर्मनीतला पत्ता मला मामाच्या लुचियाकडून काढावा लागला, तोसुद्धा तेलाच्या दोन बाटल्या देऊन. तेव्हा हे पत्र फुकट आलेलं नाही. अर्धं वाचून खिशात कोंबू नकोस.

मुख्य बातमी आधी सांगते. आपली ऑलिव्हची बाग कोर्टाने लिलावात काढली होती, आणि ती मी सोडवली. काल दुपारी बारा वाजता शेवटची मुदत संपली. आता तिच्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघू शकत नाही.

सुरुवात तुला मी काय सांगणार? नव्या यंत्राच्या घाण्याचं खूळ तुझंच. तू जेवणाच्या टेबलावर चित्रं काढून दाखवायचास, आणि बाबांनी तुझ्या शब्दावर बाग गहाण टाकून सही केली. घाणा चालला नाही, हा तुझा गुन्हा नव्हे. गावातल्या निम्म्या लोकांचे घाणे त्या वर्षी बसले. पण तू न सांगता पहाटेच्या गाडीने निघून गेलास, ते मात्र तुझंच. बाबांनी त्यानंतर तुझं नाव घेतलं नाही. तुझा विषय निघाला की 'तो' म्हणायचे, आणि उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायचे. आपल्या कोंबड्या त्या वर्षी फार माजल्या होत्या. चार वर्षं त्यांनी बँकेचे हप्ते भरले, मग जमेना, आणि बँक कोर्टात गेली.

पहिला लिलाव पुकारला तेव्हा ब्रिंडिसीच्या कोर्टात कुत्रंही फिरकलं नाही. काताल्दो न्हाव्याच्या दुकानात आधीच ठरलं होतं, की आपले बाबा जिवंत असेपर्यंत त्यांच्या झाडांवर बोली लावणाऱ्याची दाढी या गावात होणार नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच. लोकांना वाटलं हे उपकार, आणि होतेही. पण मी मनात वेगळाच हिशेब करत होते. गिऱ्हाईक आलं नाही की कोर्ट किंमत उतरवतं. मी कारकुनाला जाऊन विचारलं होतं, कर्जदाराला बोली लावता येते का? तो चष्म्यावरून बघत म्हणाला, बाई, कर्जदार सोडून कोणालाही येते. मी म्हटलं, झालं तर मग, मी 'कोणालाही'मध्ये बसते. पंधरा वर्षं ऑलिव्ह वेचणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम म्हणून मी रानोमाळ ओरडत फिरले ती काय हवा खायला? किंमत माझ्या आवाक्यात येईपर्यंत गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं.

तिसऱ्या खेपेला, या महिन्याच्या दहा तारखेला, मी आणि बाबा बसने गेलो. बाबांनी लग्नातला कोट घातला होता. खोलीत शिरते तो काय, तारान्तोहून आलेला एक पांढऱ्या बुटांचा माणूस पाय पसरून बसलेला! त्याला झाडं पाडून सुट्टीचे बंगले बांधायचे होते. बाबांची आठशे झाडं, त्यातली निम्मी आजोबांच्या आजोबांनी लावलेली, आणि हा वकिलाला पोहण्याच्या हौदाची जागा बोटाने दाखवत होता. मला असा संताप आला, की त्याच्या बुटांवर थुंकावंसं वाटलं. पण कोर्ट होतं म्हणून हसून नमस्कार केला.

कोर्टात अजून मेणबत्त्यांवरच लिलाव होतो. बोली लागली की एकामागून एक तीन छोट्या मेणबत्त्या पेटवतात, प्रत्येक जेमतेम मिनिटभर जळते. तिसरी विझेपर्यंत कोणी वर गेलं नाही तर माल शेवटच्या बोलीवाल्याचा. कोणी वर गेलं की पुन्हा पहिलीपासून. चार वेळा आम्ही एकमेकांच्या वर गेलो. मग मी माझ्याकडे होते नव्हते तेवढे सगळे पैसे बोलून टाकले, आणि पांढरे बूट गप्प झाले. पहिली विझली. दुसरी विझली. तिसरी अगदी तळाला आली, ज्योत वाटाण्याएवढी झाली. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून कारकुनाने त्यांना टेबलाला खेटूनच खुर्ची दिली होती. खिडकीतून झुळूक आली, ज्योत आडवी झाली, आणि बाबा ताडकन उठले. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ ज्योतीभोवती धरली!

तुला हसू येईल, किंवा रडू. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत आपण सगळेच धरतो तशी. मेणबत्ती विझली की घरातलं माणूस जातं म्हणतात ना? तू गेलास त्या वर्षी बाबांची विझली होती. तेव्हापासून ते मिरवणुकीत रस्ता बघत नाहीत, नुसती ज्योत बघतात. न्यायाधीश ओरडले, आजोबा, हात काढा! मी ओरडले, बाबा, विझू द्या! पण ज्योत सावरली, आणि तेवढ्या वेळात पांढऱ्या बुटांनी पुन्हा बोली वाढवली.

एक क्षण मला खोलीच दिसेनाशी झाली. मग मी त्याच्याही वर गेले. खिशात नसलेले पैसे बोलले, ओरोन्झो, आणि आवाज जराही कापला नाही. बाबांना खाली बसवलं, त्यांचे दोन्ही हात माझ्या मांडीवर घट्ट दाबून धरले, आणि पुन्हा तीन मेणबत्त्या जळताना बघितल्या. या खेपेला तिसरी सुखाने विझली. त्यावर दहा दिवसांत कोणी किमतीचा सहावा हिस्सा जास्त देऊ केला असता तर सगळा लिलाव पुन्हा झाला असता, म्हणून मी कालपर्यंत पेन उचललं नाही. त्या माणसाला समुद्राकाठची दुसरी जमीन मिळाली म्हणे. तिथे तो सुखात राहो.

वरच्या पैशांची सोय झाली आहे. माझ्या टोळीतल्या अठ्ठावीस बायकांनी जमवून दिले. त्या बदल्यात या हंगामाचं सगळं तेल त्यांचं. बाग माझ्या नावावर झाली आहे, आणि राहील. तुझा त्यात वाटा नाही, हे स्पष्ट सांगते म्हणजे मागाहून तोंड वाकडं नको.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. कोर्टाच्या पायऱ्यांवर बाबा मटकन बसले. म्हणाले, डोनाटा, माझ्या हातांनी तुला बुडवलं, हे वरचे पैसे कुठून आणशील? त्यांचा चेहरा बघवत नव्हता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ओरोन्झोने पाठवलेत. विचार करून नाही बोलले, देवाशपथ. बाबांनी मान वर केली. मग म्हणाले, ओरोन्झोने? सहा वर्षांनी तुझं नाव, मोठ्याने. बसमध्ये ड्रायव्हरला सांगितलं, काताल्दोला सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं. आता तुझ्या खोलीला चुना देतायत. हंगाम दहा नोव्हेंबरला सुरू होतो. मला फांद्या झोडायला माणूस हवा आहे, मजुरी इतरांएवढीच. तू ये. बाबा स्टेशनवर चारचौघांत तुझे आभार मानतील, आणि तुला मेल्याहून मेल्यासारखं होईल. होऊ दे. खरं सांगून मोकळं व्हावंसं वाटेल, पण मोकळा तू होशील, बाबा नव्हे. ते बोलतील तेवढं ऐकून घे, मान खाली घाल, आणि त्यांच्याबरोबर घरी चालत ये.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
डोनाटा