रॅकच्या मागची गरम हवा

१९ मे

सुशांत म्हणजे डोक्याला ताप! आज क्लस्टरचा रॅक उभा केला. मी केबलींना चिठ्ठ्या लावत होते, तर हा मागून — “अगो, ती अशी ओढू नको गो.” विद्यापीठाच्या केंद्रात ‘गो’ कोणाला म्हणतो? वाडीत शेजारी राहतो म्हणून इथेही शेजारीच का? इथे मी मॅडम आहे. निदान संचिता तरी.

आठ नोड. म्हणजे आठ संगणक जोडून एकच अवाढव्य गणित त्यांच्याकडून करून घ्यायचं. माझं गणित तयार आहे — वादळात समुद्राचं पाणी मालवणात कुठवर शिरेल. सुशांतचं काय, तर मातीचे कण! केंद्रप्रमुख परुळेकर सर म्हणाले, “चाचणी पार पडू दे. मग खोलीची किल्ली एकाकडेच देतो.” ती मला हवी. मलाच हवी.

२१ मे

आठही चालू झाले! मागून काय गरम हवा येते! घरी आईला सांगितलं, “तिथे साडी टाकलीस तर तासाभरात वाळेल.” तिचं लक्ष पडवीतल्या कोकमाच्या सोलांकडे. यंदा पाऊस मे महिन्यातच ठाण मांडून बसलाय. रातांब्यांची सालं मिठाच्या रसात घोळवून ठेवली आहेत आणि वाळवायला ऊन नाही. म्हणाली, “तुझ्या त्या मशिनीकडे—” पुढचं मी ऐकलंच नाही. “आई, माका कामां आसत!” ताट तसंच टाकून उठले.

२४ मे

चाचणी सुरू. तीन दिवस अखंड चालायला हवी. सकाळी पाहते तर सुशांत माझ्याआधी हजर. का आलास म्हटलं, तर म्हणे, “सहज.” सहज काय! याचं काहीतरी शिजतंय.

२६ मे

सगळं बंद! दोन नोड मेले.

खोलीत आंबूस वास. मागे जाऊन पाहिलं तर केबलींच्या जाळीवर सुशांतच्या लॅबमधला पांढरा ट्रे, आणि ट्रेमध्ये सोलं! चक्क सोलं! ट्रे कलंडलेला. मिठाचा लाल रस थेंब थेंब खालच्या प्लगांच्या पट्टीवर. खारी हवा आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटी मी स्वतः बुजवल्या, आणि यानं मीठच आणून आत ठेवलं! रडू आलं. रागानं.

ट्रे उचलला तो थेट सरांच्या टेबलावर. “कोणाची ही?” सर म्हणाले. सुशांत माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “माझी. दोन दिवसांत सुकतील असं वाटलं, सर.”

“तुम्ही भौतिकशास्त्र शिकवता ना?”

मग मी सुरू झाले. नालायक म्हटलं. क्लस्टरपेक्षा बाजारात कोकम विकायला बस म्हटलं, सगळ्या स्टाफसमोर. आणि हा? उलट जाताना सोलं पिशवीत भरून घेऊन गेला. लाज कशी वाटत नाही माणसाला?

२९ मे

किल्ली मिळाली!! सुशांतला खोलीत पाय ठेवायची बंदी. त्याचं काम पुढच्या वर्षावर ढकललं, म्हणजे त्याचा शोधनिबंधही लटकला. लटकू दे. माझं गणित उरलेल्या सहा नोडांवर चाललंय. घरी काही बोलले नाही. आईला त्याचा फार पुळका, उगाच कटकट नको.

२ जून

कसालच्या स्टॉपवर सुशांत. एकाच एसटीत, पुढच्या सीटवर. मला पाहून तोंड खिडकीकडे वळवलं. मी मोबाइल काढला. बरंच झालं! पण ‘गो’ कानावर आलं नाही तर रस्ता लांबल्यासारखा का वाटला, कळत नाही. पावसामुळे असेल.

५ जून

पहिला नकाशा निघाला. पाणी आमच्या वाडीपर्यंत येतं. दाखवायला खोलीत कोणीच नव्हतं.

८ जून

रविवार. जेवताना आईनं सोलकढी वाढली. दोन वाट्या प्याले. यंदा सोलं वाळली तरी कशी, म्हणून विचारलं.

आई पातेलं उगाचच ढवळत राहिली. मग म्हणाली, “मीच सुशांताकडे दिललंय, तुझ्या मशिनीकडे ठेवूक. कुजान जायत होती गो. तुका सांगूक गेलंय, तर तू ताटावरसून उठलंस. तेका म्हटलंय, संचिताक कळता नये, ती अंगावर येतली.”

मी वाटी खाली ठेवली.

“माझ्यापायी तेका कोण काय बोलला नाय मा?”

“नाय,” मी म्हटलं. “कोण बोलतला?”