दोनदा सांगून उत्तर नाही आलं तर

सोमवार, ४ मार्च
आज पुन्हा तेच! तासभर माझ्या शेजारी बसून पोरीने विमान चालवलं आणि तोंडातून अवाक्षर नाही. हात काय सुरेख आहेत तिचे! आडवा वारा होता, विमान डुलत होतं, पण पठ्ठीने रेषा सोडली नाही. इतकी वर्षं शिकवतोय, असे हात तीन-चारदाच पाहिले असतील. पण शिकाऊ वैमानिकाने बोलायला हवं ना — काय दिसतंय, काय करतेय, काय खटकतंय. ही आपली मिठाची गुळणी धरून! मी तिचं नावच मौनीबाबा ठेवलंय. त्यावर हसली. तेसुद्धा आवाज न करता.

उतरल्यावर आमच्या फ्लाइंग स्कूलच्या चीफने गाठलं. बावीस तारखेला तो स्वतः तिची परीक्षा घेणार. "तोंड उघडलं नाही तर घरी पाठवीन." वाईट वाटतं, पण खरं आहे त्याचं.

बुधवार, ६
नियम पुन्हा घोटून घेतले. विमान दुसऱ्याच्या हाती देताना "कंट्रोल तुझ्याकडे" म्हणायचं. घेणाऱ्याने "माझ्याकडे" म्हणायचं. देणाऱ्याने पुन्हा एकदा "तुझ्याकडे" म्हणायचं आणि मगच हात काढायचा. आणि चालवणाऱ्याचं काही चुकत असेल तर सांगायचं. दोनदा सांगून उत्तर नाही आलं तर तिसऱ्यांदा विचारत बसायचं नाही, सरळ कंट्रोल घ्यायचा. शेजारी मी असलो तरी!

"हो सर," म्हणाली. संपलं.

गुरुवार, ७
आमच्या घरीही हाच नियम — लग्नानंतर महिनाभरात एक गरम पातेलं दोघांनी एकदमच सोडलं होतं, तेव्हापासून. "पातेलं तुमच्याकडे." "माझ्याकडे." "तुमच्याकडे." पाहुणे बघत राहतात.

आज मात्र माझा चहा निवला. बायकोने तीनदा हाक मारली म्हणे. मला एकच ऐकू आली. "बहिरे झालात की भाव खाताय?" भाव खातोय म्हटलं.

सोमवार, ११
अंगावर अजून काटा येतोय. चांगले उंचावर होतो. कंट्रोल तिला दिला आणि मांडीवरच्या वहीत लिहायला लागलो. मान वर करतो तर विमानाचं नाक खाली, डावा पंख कलंडलेला, आणि तिचे दोन्ही हात मांडीवर! विमान कुणीच चालवत नव्हतं! मी झटकन घेतलं. उंची होती म्हणून निभावलं.

उतरल्यावर फैलावर घेतलं तिला. "मी दिला होता ना तुला?" तिची मान खाली. "सॉरी सर." तिच्या नोंदीत शेरा लिहिला — कंट्रोल दिला असता घेतला नाही. चीफने हे वाचलं की बावीस तारीख यायचीसुद्धा गरज नाही.

मंगळवार, १२
कॉकपिटमधलं बोलणं टेप होतं. तिला ऐकवून समजवावं म्हणून आधी स्वतः ऐकलं. मी काही बोललोच नाहीये! नुसती इंजिनाची घरघर, आणि मग माझंच ओरडणं. तीनदा मागे नेऊन ऐकलं. शपथेवर सांगितलं असतं मी की बोललो!

तिला बोलावलं. "म्हणाली का नाहीस, की मी बोललोच नव्हतो?"
"म्हणणार होते सर. पण तुम्ही इतक्या खात्रीने म्हणालात... मग वाटलं, माझंच लक्ष नसेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी! शेरा खोडला, चूक माझी असं लिहून सही केली, चीफच्या हातात दिलं. लाज वाटली.

घरी सांगितलं तर बायको म्हणते, "बोल बोल म्हणता तिला. बोलू देता का पण?"

रविवार, १७
बायकोने मौनीबाबाला घरी बोलावलं. सराव! समोर मी, वाक्य एकच — "सर, तुमचं चुकतंय." पहिल्यांदा हसू फुटलं, दुसऱ्यांदा खोकला. "अगं, घाबरतेस काय? मी रोज सांगते, काही होत नाही त्यांना!" शेवटी म्हणाली एकदाची, कान लाल करून. मग सुटलीच — सर, चष्मा कपाळावर आहे. सर, साखर दोनदा घातलीत. सर, मोजा उलटा आहे.

मोजा खरंच उलटा होता. फार जीव लावलाय या पोरीने.

बुधवार, २०
बोलली! बोलली!! कसं उतरायचं ते मी दाखवत होतो, धावपट्टी समोर. "सर, वेग कमी होतोय." मग, "सर, वेग पन्नास!" — ही दोन वाक्यं टेपवर स्वच्छ आहेत. आणि मग — "कंट्रोल माझ्याकडे!" काय तो आवाज! माझा हात बाजूला सारला, इंजिन वाढवलं, नाक सावरलं, विमान वर नेलं, फेरी मारून अलगद टेकवलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही! मी टाळ्या वाजवल्या. ती रडत होती. वेडी कुठली.

घरी सगळं साग्रसंगीत सांगितलं. बायकोही हसली. मग हसायची थांबली. "ती पहिली दोन वाक्यं तुम्हाला टेपवर का ऐकावी लागली?"

विमानात मला फक्त तिसरंच ऐकू आलं होतं.

शुक्रवार, २२
पास! चीफ म्हणतो, "अहो, तासभर तोंडाला खळ नाही तिच्या. मलाच दोनदा टोकलं!" मौनीबाबा, शाब्बास!

शनिवार, २३
चीफच्या टेबलावर दोन कागद ठेवले. एक तिचा — एकटीने उडायला हरकत नाही. एक माझा — मधूनच भान सुटतं, डॉक्टर तपासत नाहीत तोवर मी उडणार नाही. "कुणाच्या लक्षात आलं?" "माझ्या विद्यार्थिनीच्या," म्हटलं.

बाहेर बायको गाडीपाशी उभी होती. किल्ली पुढे केली. "तुझ्याकडे." तिने किल्ली धरली. मग म्हणाली, "माझ्याकडे."

मी पुन्हा एकदा "तुझ्याकडे" म्हणालो आणि हात काढला.