जालन्याच्या कोर्टातली तुमची मिसल

दादा, तुमची मिसल, म्हणजे तुमच्या खटल्याची फाईल, सापडली. जालन्याच्या कोर्टातल्या जुन्या दफ्तरखान्यात, लाल फडक्यात बांधलेल्या एका गठ्ठ्यात होती. तिथवर पोचायला मला चार खेपा पडल्या. दर खेपेला कारकून म्हणायचा, "बाई, निजामाच्या वक्ताचे कागद कोण हुडकतंय आता? सगळं उर्दूत हाय, आमालाच वाचता येत न्हाई." मीही पिच्छा सोडला नाही. शाळेतल्या पोरांना वळण लावण्यात माझा जन्म गेला, एक कारकून काय चीज आहे! शेवटी वैतागून त्यानं गठ्ठा समोर आपटला आणि बाहेर लिंबाखाली अर्ज लिहीत बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मुन्शींना वाचायला बोलावून आणलं.

मी तिथं कशाला गेले होते ते आधी सांगते. तुमच्या मोटारीखाली ज्याची बैलगाडी आली, त्या गाडीवानाची पोर आठवते ना? माझ्याच बरोबरीची, घराला घर लागून. ती आता वाटूरला असते, गुडघ्यांनी अधू झाली आहे. गेल्या उन्हाळ्यात एवढ्या लांबून माझ्या दारात आली, चहासुद्धा घेईना. म्हणाली, "तू शिकलेली हाईस. कोर्टात समदं लिवलेलं आसतंय म्हणं. माझा बाप गाडीवर झोपल्ता का तुझा बाप पिल्ता, येवढं एकदा बघून सांग. मंग मी डोळे मिटाया मोकळी." मी म्हटलं, बघते. मला तर खात्रीच होती. तुम्ही देवापुढं शपथ घेतली होती, आणि त्यावर मी जन्मभर लोकांशी भांडत आले होते.

तेव्हा तुम्ही जालन्याच्या एका व्यापाऱ्याची कापसाची मोटार चालवायचा. आपल्या गावात मोटार हाकणारे तुम्ही एकटेच, त्यामुळे माझा तोरा काय विचारता. शहागडच्या बाजाराचा दिवस होता, भर दुपार. गावाबाहेरच्या वळणावर कडब्याची गाडी तुमच्या मोटारीखाली आली. एक बैल जागेवरच गेला. गाडीवानाचा पाय गुडघ्याखाली चिरडला, तो शुद्धीवर नव्हता, त्याला तसाच जालन्याच्या दवाखान्यात नेला. तुम्हाला पोलिसांचे अमीनसाहेब घेऊन गेले. आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. बातमी घेऊन माणूस आला तरी ती थापतच राहिली, टोपल्यात भाकरीवर भाकरी. त्या दिवशी त्या कुणी खाल्ल्या नाहीत.

तीन महिन्यांनी तुम्ही परत आलात. डोकं भादरलेलं, हाताला घट्टे. म्हणालात, "अमिनाशी हुज्जत घातली म्हणून आत टाकलं. लायसन बी त्यानंच हिसकलं." कोर्टात काय झालं हे विचारायला गावात कुणाला उर्दू येत होतं? तोवर गाडीवान कुबडी घेऊन घरी आला होता. तो म्हणत होता, मोटारवाला पिऊन होता, मी माझ्या बाजूनं चाललो होतो. मग पंच बसले. कसूर तुमचा असेल तर त्याच्या रानाची पेरणी-कापणी जन्मभर तुम्ही करायची, असं ठरलं. नसेल तर बेलभंडारा उचलायचा. तुम्ही ओल्या अंगानं खंडोबाच्या देवळात उभे राहिलात, तळहातावर बेल आणि भंडारा घेतला आणि म्हणालात, "म्या शिंदीचा थेंब घेतला नव्हता. गाडीवान डुलक्या घेऊन राह्यल्ता." मी पायरीवर उभी होते. तुमचा हात जरासुद्धा हलला नाही.

सव्वा महिन्यात शपथ घेणाऱ्याच्या घरात काही वाईट झालं नाही तर शपथ खरी, असा आपल्याकडचा रिवाज. तो सव्वा महिना आईनं मला विहिरीवर जाऊ दिलं नाही. चिंचेवर चढू दिलं नाही. घडीघडीला कपाळाला हात लावून बघायची. मला वाटायचं, काय हा जाच! मी तिला उलट बोलायचे. दादा, तिला माहीत होतं. ती रोज माझ्या अंगात ताप शोधत होती आणि तुम्ही समोर बसून सुपारी कातरत होता.

काही झालं नाही. दिवस भरले आणि गावानं निकाल मानला. गाडीवान झोपाळू ठरला. त्याला पुन्हा कुणी भाड्यानं गाडी हाकायला दिली नाही, त्याचं रान पडीक पडलं, तो ओट्यावर सुंब वळत बसला. त्याच्या पोरीचं लुगडं नेसण्याचंही वय नव्हतं, ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागली. मी शाळेत जात होते. नदीवर ती दिसली की आम्ही पोरी ओरडायचो, "झोपाळूची पोर, झोपाळूची पोर!" सगळ्यांत मोठा आवाज माझा. एकदा तुम्ही मागून आलात आणि ते ऐकलंत. तुम्ही माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. त्या दिवशी अशी थोबाडीत मारलीत की कानात दोन दिवस भुंगा वाजत होता. "पुन्यांदा तोंडातून काढशील तर बघ," एवढंच बोललात. मी आईपाशी रडले की मी खरं तेच बोलले, मग मला का मारलं?

मुन्शींनी चष्मा पुसला आणि एकेक ओळ वाचून मला मराठीत सांगू लागले. आरोपी नशेत मोटार चालवत होता. गुन्हा कबूल. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. तुमचा जबाब तीनच ओळींचा आहे: सेंदी, म्हणजे आपली शिंदी, प्यायली होती, बैलगाडीवाला आपल्या बाजूनं जात होता, कसूर माझा. खाली तुमचा अंगठा, शाई जराशी फाकलेली. निकालात लिहिलंय, गाडीवान बेकसूर. मी विचारलं, सजा इतकी कमी कशी? मुन्शी म्हणाले, "बाई, पिऊन चालवलं, आदमी जायबंदी केला, तर याहून जादा भोगावी लागते. इथं साफ लिहिलंय की इकबाल केला, कबुली दिली, म्हणून तीन महिने सख्त कैद आणि लायसन जप्त. कबूल केलं, त्यामुळं गवाह बोलवलेच नाहीत. गावात कुणाला कळायचं कारणच नव्हतं." ते चांगले गृहस्थ होते. मला पाणी दिलं आणि म्हणाले, "सच्चा आदमी होता तुमचा बाप. असं साफ कोण कबूल करतो?" दादा, मला तिथं हसू आलं आणि मग जे रडू फुटलं ते थांबता थांबेना. ज्याला तुम्ही ओळखत नव्हता, ज्याची बोली आपल्या घरात कुणी बोलत नव्हतं, त्या मुन्सिफापुढं, कोर्टातल्या न्यायाधीशापुढं, खरं बोललात. आणि ज्या देवाला आपण दर वर्षी पुरणाचा नैवेद्य दाखवायचो, त्याच्यापुढं खोटं. का? पेरणी-कापणीला भ्यालात? की गावात मान खाली घालावी लागेल म्हणून? मी तुमच्यावर फार चिडलेय. एवढी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि आज मला तुमचा दंड धरून विचारावंसं वाटतंय.

नक्कल घेतली आणि मी वाटूरला गेले. वाटेत मनाशी वाक्य जुळवत होते. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मला बघून तिचे हात थांबले. "सापडलं?" म्हणाली. नक्कल माझ्या पिशवीत होती, पिशवी मांडीवर. मी म्हटलं, "न्हाई गं. वाळवीनं खाल्लं समदं." कसं तोंडातून गेलं, मला कळलं नाही. तिनं हातातली शेंग फोडली. मग म्हणाली, "आसू दे बाई. तू तरी किती हेलपाटे घालशील. तुझ्या बापानं भंडारा उचलल्ता, देवाम्होरं कोण खोटं बोलंल? माझाच बाप झोपला आसंल. म्या उगी मेल्या माणसावर आळ घेऊन राह्यली." आणि माझ्या ओंजळीत शेंगदाणे घातले. मी ते खाल्ले, दादा. तिच्यासमोर बसून खाल्ले.

तुम्ही एका जागी तरी खरं बोललात. मी अजून कुठंच बोलले नाही. नक्कल पेटीत साड्यांखाली आहे. आज सकाळी घर आवरून बसले, कागद घेतला. एक कबूल करते. हे पत्र मी तिला लिहायला घेतलं होतं. तिचा नातू वाचून दाखवेल, असं ठरवलंही होतं. पण तिचं नाव लिहायला हात धजेना, आणि वर 'दादा' असं लिहून बसले.